घावनापेक्षा सपाट

दाबोळी जास्त सपाट की मोपा, यावर आमच्या वास्कोच्या घरात सुट्टीभर वाद रंगला. नात म्हणे दाबोळी, कारण ते आपलं. नातू म्हणे मोपा, कारण ते नवं. दोघांची कारणं सारख्याच वजनाची, तेव्हा मला मध्ये पडावंच लागलं.

ऐका तर. दोन्ही विमानतळ जांभ्याच्या सड्यावर आहेत. दाबोळीचा सडा समुद्रसपाटीपासून सुमारे 56 मीटर उंच, पेडण्यातला मोपाचा दीडशे मीटरच्या वर. हे सडे कुणी रंधा मारून केलेले नाहीत. लाखो वर्षं पाऊस खडकात मुरत राहिला, त्यातली सिलिका धुऊन घेऊन गेला. लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं, उन्हावाऱ्यात ते घट्ट झालं. कडेची मऊ जमीन नदीनाल्यांनी खरवडून नेली, हे कवच मात्र राहिलं. म्हणून आपल्याकडे टेकडी चढून धापा टाकत वर जावं, तर समोर मैदान! 1950 च्या दशकात पोर्तुगिजांनी धावपट्टीसाठी दाबोळीचा सडा निवडला आणि जानेवारी 2023 पासून मोपाच्या सड्यावरूनही विमानं उडू लागली.

“मग धावपट्टी तरी एकदम सपाट असेल ना, आजोबा?”

बाबा रे, खरी गंमत तिथेच आहे. मोपाची धावपट्टी साडेतीन किलोमीटर. तिच्या एका टोकाला पाणसळ लावून अगदी आडवा किरण सोडला, तर दुसऱ्या टोकाला तो पाण्याच्या पातळीहून जवळजवळ एक मीटर वर असेल (हवेत किरण किंचित वाकतो, तो हिशेब सोडून देऊ). पृथ्वी गोल आहे, तेवढ्या अंतरात ती तेवढी खाली वळते. पाणी पसरेल ते वाकून, आणि रेघ सरळ ओढाल तर पाणी तिच्याखाली राहील. यातलं सपाट कोणतं म्हणायचं, ते आधी ठरवा. पाण्याची नळी धरून जोत्याची पातळी काढणाऱ्या गवंड्याला ही चिंता नसते. दहा मीटरांत हा फरक केसाच्या जाडीपेक्षाही पुष्कळ कमी असतो.

शिवाय मोठ्या धावपट्टीच्या सर्वांत उंच आणि सर्वांत सखल जागेत लांबीच्या एक टक्क्यापर्यंत फरक आंतरराष्ट्रीय नियमांना चालतो. साडेतीन किलोमीटरचा एक टक्का किती? बाय हिशेबाला पक्की: “पस्तीस मीटर!” आणि रुंदीत तर उतार मुद्दाम ठेवतात, नाहीतर आपल्या जुलैत विमानांऐवजी होड्या लावाव्या लागतील.

अमेरिकेत कॅन्सस नावाचं राज्य आहे. ते पॅनकेकसारखं सपाट, अशी तिथे थट्टा चालते. पॅनकेक म्हणजे आपल्या घावनाचा जाडा भाऊ. 2003 मध्ये तिघा भूगोलवाल्यांनी खरोखरच एक पॅनकेक आणला, त्याचा पृष्ठभाग लेझरच्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजला आणि कॅन्ससच्या चढउतारांशी ताडून पाहिला. निर्दोष सपाटीला 1 गुण. पॅनकेकला मिळाले 0.957 आणि कॅन्ससला 0.9997. एका विनोदी विज्ञान-नियतकालिकात हे छापून आलं, लोक पोट धरून हसले.

पण बाय, आकड्यावर भाळू नकोस. तुझ्या आजीचं घावन घेऊ. रुंदी 20 सेंटिमीटर, वरचा उंचसखलपणा 2 मिलिमीटर. ते ताणून उत्तर-दक्षिण गोव्याएवढं, म्हणजे 105 किलोमीटर केलं, तर त्या 2 मिलिमीटरचे हजार मीटरहून थोडे जास्त होतात. आपल्या गोव्यातल्या सह्याद्रीची शिखरंही साधारण तेवढीच! म्हणजे समुद्रापासून घाटमाथ्यापर्यंतचा सगळा गोवा घावनाइतका सपाट. चोर्ला घाटाच्या वळणांवर ज्याला मळमळतं, त्याला जाऊन सांग हे.

भागायला पुरेसं मोठं अंतर घेतलं की कुठलाही डोंगर चपटा होतो. म्हणून 2014 मध्ये कॅन्सस विद्यापीठातल्या दोघांनी वेगळी रीत काढली. मैदानात उभ्या माणसाची नजर क्षितिजापर्यंत पाचेक किलोमीटर जाते. तेवढाच टापू घ्यायचा आणि सोळा दिशांना पाहायचं की कुठे उंचवटा डोकं वर काढतो का. मग एक पाऊल सरकून पुन्हा सोळा दिशा, असं सगळं राज्य पालथं घालायचं. पाय अर्थात संगणकाचे. या मोजणीत फ्लोरिडा पहिलं आलं आणि कॅन्सस चक्क सातवं. मला ही रीत आवडते. सपाटी शेवटी माणसाच्या डोळ्याला जाणवते, तर मापही डोळ्याचंच हवं.

खरीखुरी सपाटी मात्र मीठ करतं. आपल्या आगरवाड्याच्या मिठागरांत माणसं तळ तुडवून, चोपून सारखा करतात. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियातलं उयुनीचं मिठाचं मैदान ते काम स्वतःच करतं. पावसात त्यावर पाण्याचा पातळ थर साचतो, उंचवट्यांचं मीठ विरघळतं, खळग्यांत भरतं आणि उन्हात पुन्हा वाळतं. मैदान केवढं? गोव्याच्या पावणेतीन पट, सुमारे दहा हजार चौरस किलोमीटर. आणि चढउतार एक मीटरच्या आसपासच. उंची मोजणारे उपग्रह आपलं माप बरोबर आहे ना, हे या मैदानावरून तपासतात.

“आणि समुद्र? तो तर सगळ्यात सपाट!”

तोही नाही रे. पृथ्वीचा एक गुळगुळीत, नियमित आकार गणिताने काढतात. त्याच्या तुलनेत श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्राची पातळी शंभर मीटरहून जास्त खाली आहे. तिथे गुरुत्वाकर्षण जरा दुबळं. तिथून जाणाऱ्या जहाजाला ना उतार लागतो ना चढ, कारण ओळंबा जिथे धराल तिथे त्या पाण्याशी काटकोनातच लोंबतो. आणि उंची आपण मोजतो ती समुद्रसपाटीपासूनच!

तेव्हा दाबोळी-मोपाचा निकाल मी देणार नाही. उद्या संध्याकाळी वही घेऊन दोघं माझ्याबरोबर आपल्या वास्कोच्या हेडलँड सड्यावर चला, बस थेट तिथपर्यंत जाते. सोळा दिशा लिहून काढा. पश्चिमेकडे समुद्र, तिथले गुण फुकट. उत्तरेला झुवारीपलीकडे दोनापावलचं टेकाड दिसेल. ते मोजायचं की सोडायचं, यावर तुमचं भांडण होणार, म्हणून खोडरबर मीच घेऊन येतो.