मेंढरे वळणारा कुत्रा आणि सशांचे बीळ

ब्रिटनच्या ग्रामीण भागात फेरेट आणि जाळी घेऊन सशांचा बंदोबस्त करणाऱ्यांमध्ये कुत्र्याच्या जातीवरून जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, मेंढरे वळणारा कुत्रा या कामाचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळांनी त्याच्यातली शिकारी वृत्ती मारून टाकली आहे, सशासाठी वेगवान ग्रेहाउंडच्याच रक्ताचा कुत्रा हवा. दुसरा पक्ष तितक्याच ठामपणे सांगतो की बॉर्डर कॉलीसारखा हुशार कुत्रा नाही, त्याला काहीही शिकवा, शिकेल. दोन्ही मते चुकतात ती एकाच जागी: फेरेटच्या कामात कुत्र्याच्या वाट्याला नेमके काय येते, हे कोणी नीट पाहत नाही.

फेरेट म्हणजे पोलकॅट या मुंगूसवजा लांबट प्राण्याचा माणसाळवलेला वंशज. सशांविरुद्ध त्याचा वापर रोमन काळापासून नोंदलेला आहे. तो ससे पकडून आणतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात त्याने बिळात शिरून सशाला बाहेर पळायला लावायचे असते, एवढेच. आतच ससा मारला तर तो तिथेच खात-झोपत बसतो आणि माणसाला फावडे घेऊन खणावे लागते. म्हणून त्याला उपाशी ठेवून सोडणे हा शहाणपणा नव्हे, आणि हल्ली त्याच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारे ट्रान्समीटरचे पट्टे असतात तेही यासाठीच. बिळाच्या प्रत्येक तोंडावर छोटी जाळी पसरतात. तिच्या कडेने ओवलेल्या दोरीचे टोक खुंटीला बांधून खुंटी जमिनीत ठोकलेली असते. ससा सुसाट आला की त्याच्याच धक्क्याने दोरी आवळते आणि जाळी त्याच्याभोवती मिटते. रात्री चरायला गेलेल्या सशांचा परतीचा रस्ता अडवायला वेगळे, पन्नास-शंभर यार्डांचे जाळे लावतात. आपल्या धनगरांच्या वाघरीसारखे ते काठ्यांवर तोललेले असते. या सगळ्यात कुत्र्याचे पहिले काम म्हणजे बिळात ससा आहे की नाही ते सांगणे. चांगला कुत्रा ओसाड बिळांवरून न थांबता पुढे जातो आणि वसलेल्या बिळापाशी थबकतो: मान पुढे, कान खाली जमिनीकडे रोखलेले, कधी एक पुढचा पाय अधांतरी. यानंतरचे काम त्याहून अवघड, ते म्हणजे काहीही न करणे. जाळ्या लावताना, फेरेट आत सोडताना, जमिनीखाली सशाच्या पायांची धडधड ऐकू येत असतानाही त्याने जागचे हलायचे नाही. एखादे तोंड झुडपात नजरेतून सुटून बिनजाळीचे राहिले आणि ससा तिथून निसटला, तरच धाव घ्यायची.

हे लक्षात घेतले की पहिल्या पक्षाचा मुद्दा लटका पडतो. वास सगळ्याच कुत्र्यांना येतो. वसलेले बीळ ओळखणे ही नाक, सराव आणि सशाची गोडी यांची बाब आहे, तो ग्रेहाउंडचा मक्ता नाही. शिकारी वृत्ती मेली आहे, हेही खरे नाही. मेंढरे वळणे ही शिकारच आहे, शेवटी अडवून धरलेली. कुत्र्याच्या शिकारीचा क्रम असा: सावज हेरणे, नजर रोखणे, दबकत जाणे, पाठलाग, पकड, जीव घेणे. प्राणिवर्तनाचे अभ्यासक रेमंड कॉपिंजर यांनी दाखवून दिले की कॉलीमध्ये या क्रमाचे नजर, दबकणे आणि पाठलाग हे टप्पे पैदाशीने ठळक झाले आणि शेवटचे दोन दबले. नॉर्थम्बरलंडमध्ये १८९३ साली जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींचा पूर्वज. त्याची ख्याती होती ती गाजावाजा न करता, शांतपणे मेंढरे हलवण्याबद्दल. दबकणाऱ्या, थांबणाऱ्या, शिट्टीवर खिळणाऱ्या कुत्र्याला जाळ्यांचे काम जड का जावे? ब्रिटिश ससेवाल्यांनी याचे उत्तर कृतीतून केव्हाच दिले आहे. त्यांचा लाडका लर्चर हा संकर आहे, आणि ग्रेहाउंडमध्ये मिसळायला त्यांनी वारंवार कॉली निवडला, कारण त्यांना समज, चिवटपणा आणि काटेकुटे सोसणारी कातडी हवी होती. वेग ग्रेहाउंडकडे होताच.

दुसऱ्या पक्षाला मात्र इथे फार खूश होण्याचे कारण नाही. जी नजर मेंढीला वळवते, ती सशालाही वळवते. बिळाच्या तोंडासमोर डोळे रोखून बसलेला कॉली पाहिला की बाहेर यायला निघालेला ससा आतच माघारी फिरतो. मागून फेरेट, पुढे कुत्रा. अशा कोंडीत ससा जमिनीखालीच मारला जातो आणि खणण्याची वेळ येते. म्हणून कुत्र्याला बाजूला, तोंडाच्या मागच्या अंगाला बसायला शिकवावे लागते, आणि ज्याच्या रक्तात समोरून अडवणे आहे त्याला हे सहज पटत नाही. आणखी एक खोड: हलणाऱ्या वस्तूवर खिळून राहणे. असा कुत्रा जाळ्यांकडेच टक लावतो किंवा फेरेटलाच वळू पाहतो. शिवाय मेंढरांचे सगळे कुत्रे कॉली नव्हेत. न्यूझीलंडचा हंटअवे भुंकूनच मेंढरे हाकतो. बिळापाशी भुंकणारा कुत्रा घरी ठेवलेला बरा. गुरांच्या टाचा चावून हाकणाऱ्या हीलर जातींना जाळीत अडकलेला ससा चावू न देता राखायला लावणे, हीही परीक्षाच. जात पाहून निवड करणाऱ्याने निदान तो कुत्रा कोणत्या रीतीने जनावर वळवतो, एवढे तरी पाहावे.

कुत्रा फेरेटला मारील, ही भीती अगदी अनाठायी नाही, पण तिचा जातीशी संबंध थोडा. पिल्लूपणापासून फेरेटच्या सहवासात वाढलेला कुत्रा त्याला घरचा मानतो. मोठेपणी एकदम गाठ घालून दिलेला कोणत्याही जातीचा कुत्रा धोक्याचा. सशांची चटक लागली की मेंढरांचे काम बिघडते, या मेंढपाळांच्या आक्षेपात अधिक तथ्य आहे. कच्च्या कुत्र्याच्या बाबतीत तो मान्यच करावा. मेंढरांवर हात बसलेला, हाकेला पक्का कुत्रा मात्र दोन कामांतला फरक जागा आणि हुकूम यांवरून ओळखतो.

कायद्याचाही घोळ असतो. २००४ च्या ‘हंटिंग ॲक्ट’ने इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांनिशी शिकार बंद केली, पण जमीनमालकाच्या संमतीने केलेला सशांचा बंदोबस्त त्यातून वगळलेला आहे. १९५४ च्या ‘पेस्ट्स ॲक्ट’खाली तर सशांचा उपद्रव आवरणे ही जमीनधारकाचीच जबाबदारी ठरते. स्कॉटलंडचा २०२३ चा कायदा अधिक कडक आहे.

यातले काहीही महाराष्ट्रात लागू पडत नाही. आपल्या माळरानावरचा ससा युरोपीय सशासारखा बिळे खणून वसाहत करत नाही. तो गवतात, झुडपाखाली दबून बसतो, तेव्हा फेरेट सोडायचा कुठे? शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची शिकार गुन्हा आहे. आणि धनगरांचा कुत्रा कॉलीच्या अर्थाने मेंढरे वळणारा नव्हे. त्याचे काम मुख्यतः राखणीचे, रात्री लांडग्यापासून वाडा सांभाळण्याचे. त्यामुळे कॉलीबद्दल जे वर लिहिले, ते त्याला चिकटवू नये.