मिनिमाइज केलेली विंडो जाते कुठे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की माणगावात दाखल्यांची धांदल उडते. उत्पन्नाचा, अधिवासाचा, जातीचा, नॉन-क्रिमीलेअरचा. तालुक्याचं ठिकाण, त्यामुळे गावोगावची माणसं इथंच येणार. शिवाय लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठही याच तालुक्यातलं. अशा दिवसांत सेतू केंद्रातला कॉम्प्युटर एकाच वेळी काय काय सांभाळत असतो ते बघण्यासारखं आहे. ब्राउझरमध्ये ‘आपले सरकार’चं पोर्टल, शेजारच्या टॅबमध्ये कुणाचा तरी सातबारा, व्हॉट्सअ‍ॅप वेबवर आलेला आधार कार्डाचा फोटो, तो कापून लहान करायला पेंट, स्कॅनरचं सॉफ्टवेअर, दोन-चार पीडीएफ आणि वर्डमध्ये अर्धवट टाइप केलेला अर्ज. डोळ्यांसमोर मात्र एकच विंडो. बाकीचा सगळा पसारा खाली टास्कबारवर.

मग कॉम्प्युटर अडतो. “अहो, बाकीचं बंद करा की,” रांगेतून कुणीतरी सुचवतं. “बंदच आहे काका, एकच तर चालू आहे,” ऑपरेटर म्हणतो.

इथंच गल्लत होते. मिनिमाइजचं बटण दाबल्यावर कॉम्प्युटर ती विंडो पडद्यावर रंगवायचं थांबवतो, एवढंच. प्रोग्राम चालूच असतो आणि त्याने घेतलेली रॅमही त्याच्याच नावावर राहते. चार जीबी रॅमच्या मशीनवर ब्राउझरने आधीच मोठा वाटा उचललेला असतो. रॅम पुरेनाशी झाली की ऑपरेटिंग सिस्टिम बराच वेळ न लागलेला मजकूर डिस्कवर हलवते. हा मजकूर साधारण चार किलोबाइटच्या पानांत वाटलेला असतो. टास्कबारवरून वर्ड परत वर घेतला की ती पानं डिस्कवरून पुन्हा आणावी लागतात. रॅममधलं पान मिळायला सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग लागतो, तर फिरत्या हार्ड डिस्कवर तेच शोधायला सेकंदाचा शंभरावा भाग. म्हणजे लाखपटीचा फरक! एसएसडी बसवल्यावर जुना डबाही टुणटुणीत वाटू लागतो, त्याचं एक मोठं कारण हेच.

ही ने-आण हाताबाहेर गेली की कॉम्प्युटर पानं हलवण्यातच गुंततो आणि मूळ काम बाजूला राहतं. पीटर डेनिंग या अमेरिकन संशोधकाने १९६८ मध्ये यावर एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. प्रोग्राम एका वेळी आपल्या सगळ्या पानांना हात लावत नाही, ठराविक थोडी पानंच पुन्हा पुन्हा लागतात. तेवढा संच रॅममध्ये मावला की काम सुरळीत चालतं, असं त्याचं म्हणणं.

गंमत अशी की अठरा वर्षांनी हाच विचार पडद्याला लागू पडला. एकमेकींवर चढणाऱ्या विंडो झेरॉक्स कंपनीच्या पार्क प्रयोगशाळेत १९७०च्या दशकातच तयार झाल्या होत्या. मायक्रोसॉफ्टच्या १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये त्या शेजारी शेजारीच मांडाव्या लागत; एकीवर दुसरी ठेवायची सोय १९८७ मध्ये आली. सोय आली तशी शोधाशोधही आली. पार्कमधल्याच ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९८६ मध्ये दाखवून दिलं की पडदाही रॅमसारखाच तोकडा असतो आणि एका कामाला ठराविक विंडोंचा संचच लागतो. मग प्रत्येक कामाला वेगळी खोली द्यावी! त्यांच्या प्रणालीचं नावच ‘रूम्स’ होतं.

सर्वसामान्य विंडोजमध्ये मात्र २४ ऑगस्ट १९९५ ला आला तो टास्कबार. त्याआधी मिनिमाइज केलेल्या विंडोचं चिन्ह होऊन डेस्कटॉपवर पडायचं आणि दुसऱ्या विंडोखाली गडप व्हायचं. खोल्यांची कल्पना विंडोजमध्ये अंगभूत व्हायला २०१५ चं विंडोज १० उजाडावं लागलं. विंडोज, कंट्रोल आणि डी या तीन कळा एकदम दाबल्या की नवा डेस्कटॉप उघडतो. विंडोज-कंट्रोल धरून डावा-उजवा बाण दाबला की एकातून दुसऱ्यात जाता येतं. पोर्टल, स्कॅनर आणि पीडीएफ एकीकडे, व्हॉट्सअ‍ॅप दुसरीकडे. रांगेत वीस माणसं असताना ही सोय फार मोलाची, तरी ती फारशी कुणी वापरताना दिसत नाही. अर्थात, यानेही रॅम वाचत नाही. वाचते ती शोधाशोध.

कोकणातल्या पावसाळ्यात आणखी एक भानगड. रॅममधलं सगळं विजेवर टिकून असतं. लाइट गेली आणि यूपीएसने मान टाकली, तर दडवलेल्या वर्डमधला सेव्ह न केलेला मजकूर, ऑटो-रिकव्हरीने वाचवला असेल तेवढा सोडून, गेलाच. पोर्टलवर ‘सेशन एक्स्पायर्ड’ येतं त्याचा दोष मात्र लाइटवर किंवा मिनिमाइजवर टाकू नये. विंडो दडवली आहे की उघडी, हे सर्व्हरला साधारणपणे ठाऊक नसतं. शेवटच्या विनंतीपासून किती मिनिटं झाली, एवढंच तो मोजतो.

राहिला प्रश्न कागदपत्रांचा. आधीच्या गिऱ्हाइकाचं आधार कार्ड पुढच्याला दिसू नये म्हणून ऑपरेटर ती पीडीएफ घाईघाईने खाली ढकलतो. पण आताच्या विंडोजमध्ये माउस टास्कबारवरच्या चिन्हावर नुसता नेला तरी तिचं छोटं चित्र वर येतं, ऑल्ट-टॅब दाबलं तरी येतं. ती पीडीएफ बंदच करायला हवी. जागेवरून उठताना विंडोज आणि एल या कळा दाबून स्क्रीनला कुलूप घालता येतं. पीडीएफ बंद केली तरी व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेली फाइल डाउनलोड्समध्ये तशीच असते. ती तिथून डिलीट केली की रिसायकल बिनमध्ये जाते, आणि तिथूनही वेगळी काढावी लागते.