शून्य ते दहा: एका मोजपट्टीची कारकीर्द

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे ‘एमएस’, या आजारावरच्या औषधचाचणीचा कुठलाही निबंध उघडा. संदर्भांच्या यादीत एक नोंद बहुधा सापडतेच: कुर्ट्झके, ‘न्यूरॉलॉजी’, १९८३. आजवर दहा हजारांहून अधिक वेळा उद्धृत झालेल्या या निबंधात ना नवे औषध आहे, ना नवा जंतू. रुग्णाचे अपंगत्व शून्य ते दहा या अंकांत कसे मांडावे, एवढेच त्यात सांगितले आहे.

जॉन कुर्ट्झके (१९२६–२०१५) हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचे. त्यांची बहुतेक हयात अमेरिकी माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत गेली. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदू आणि मज्जारज्जूतील तंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर उलटते. कुणाची दृष्टी अंधुक होते, कुणाचा पाय ओढत चालतो, कुणाचा लघवीवरचा ताबा सुटतो. आणि काही आठवड्यांत यातले बरेचसे आपोआप सुधारतेही. मग औषधाने गुण आला, हे ठरवायचे कशावरून?

क्षयावरचे आयसोनियाझिड तेव्हा नवे होते. ब्रॉन्क्समधल्या रुग्णालयात ते एमएसच्या रुग्णांना देऊन पाहिले गेले आणि १९५४ मध्ये कुर्ट्झके व त्यांच्या सहकाऱ्याने आशादायक निष्कर्ष छापले. पुढच्याच वर्षी कुर्ट्झके यांची पहिली मोजपट्टी प्रसिद्ध झाली. माजी सैनिकांच्या अनेक रुग्णालयांनी मिळून रीतसर तुलनात्मक चाचणी घेतली, तेव्हा १९५७ मध्ये औषध निरुपयोगी ठरले. कुर्ट्झके यांची आशा मावळली, मोजपट्टी मात्र टिकली.

१९८३ मध्ये त्यांनी तिच्यात अर्ध्या-अर्ध्या अंकाच्या पायऱ्या घातल्या. शून्य म्हणजे तपासणीत काही दोष नाही, दहा म्हणजे एमएसने आलेला मृत्यू. चारवर माणूस आधाराविना, न थांबता सुमारे ५०० मीटर चालतो. सहावर १०० मीटरसाठी काठी किंवा कुबडी लागते. सातवर व्हीलचेअर येते. मधल्या टप्प्यावर सारा भर चालण्यावर, हीच तिची मोठी उणीव. हाताची पकड, स्मरणशक्ती, थकवा यांना तिथे फारसे वजन नाही. शिवाय दोनवरून तीनवर जाणे आणि सहावरून सातवर जाणे यांतला फरक सारखा नाही, तरी कागदावर दोन्ही एकेक अंकच.

तरीही ती सुटत नाही, कारण नव्या औषधाची तुलना जुन्याशी करायची तर माप एकच हवे. ऑक्रेलिझुमॅबची २०१७ मध्ये छापून आलेली चाचणी पाहा. सुरुवातीपासूनच हळूहळू वाढत जाणाऱ्या एमएसमध्ये, बारा आठवडे टिकलेली अपंगत्वाची वाढ औषध घेणाऱ्या ३२.९ टक्के, तर न घेणाऱ्या ३९.३ टक्के रुग्णांत दिसली. ही वाढ याच पट्टीवर मोजलेली होती. अशा प्रत्येक चाचणीगणिक १९८३च्या निबंधाच्या खात्यावर एक उद्धरण चढते.

कुर्ट्झके यांचे स्वतःचे कुतूहल मात्र वेगळेच होते: हा आजार कुठे होतो आणि का? जगाचे त्यांनी जास्त, मध्यम आणि कमी प्रमाणाचे पट्टे पाडले. भारत कमी प्रमाणाच्या पट्ट्यात पडला. पण मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० मध्ये शहरातल्या पारशी समाजात लाखामागे सुमारे २६ रुग्ण असल्याचे दाखवले. एकाच हवापाण्यात राहणाऱ्या दोन समाजांत एवढी तफावत पडत असेल, तर नुसत्या भूगोलाने कोडे सुटत नाही. वंशपरंपराही हिशेबात धरावी लागते.

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांबाबत कुर्ट्झके यांनी आणखी धाडस केले. तिथे एमएसची साथ १९४३ पासून दिसते आणि दुसऱ्या महायुद्धात बेटांवर ठाण मांडलेल्या ब्रिटिश सैनिकांबरोबर तिचे कारण आले, असे त्यांनी डॅनिश सहकारी हिलेस्टेड यांच्यासह १९७९ मध्ये मांडले. यावर कडाडून टीका झाली आणि त्यांना अभिप्रेत असलेला संसर्ग कुणाच्या हाती लागला नाही. पण २०२२ मध्ये एक कोटीहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या नोंदींतून दिसले की एपस्टीन-बार विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका सुमारे ३२ पट होतो. फेरोची कहाणी याने सिद्ध होत नाही. संसर्गाच्या दिशेने शोधत राहणे मात्र वावगे नव्हते, हे कळते.

उद्धरणांचा आकडा सांगतो तो हत्याराचा खप. मोजपट्टी वापरणाऱ्याला तिच्याशी वाद घालावा लागत नाही. फेरोचा निबंध हाती घेणाऱ्याला बाजू घ्यावीच लागते. संशोधकाचे मोल ठरवताना पदे आणि निधी देणाऱ्या समित्यांनी हा भेद ओळखला पाहिजे, नाहीतर उद्याचे तरुण संशोधक पट्ट्याच बनवत बसतील.