पुस्तकं मोबाइलवर आली, मग वाचनालयाला इमारत कशाला?

शहापूर तालुक्यातल्या आटगावला लोकलची वाट बघताना कॉलेजच्या एका मुलीने हे विचारलं. ग्रंथालयांचे आराखडे करणं माझं आवडीचं काम, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. तिथली दुर्मीळ पुस्तकं आता घरबसल्या वाचता येतात. पण छापील पुस्तकांची देवघेवही डिजिटल होऊ शकते.

पुस्तकात आरएफआयडीचा पातळ टॅग चिकटवतात. त्याला बॅटरी लागत नाही. देवघेव नोंदवणाऱ्या यंत्राच्या रेडिओलहरींवरच तो चालतो. चार-पाच पुस्तकं एकत्र ठेवली तरी नोंद एकदम होते.

आराखड्याचं महत्त्व इथेच. धातूमुळे लहरी अडतात, म्हणून यंत्र लाकडी टेबलावर, लोखंडी कपाटांपासून लांब हवं.

पुस्तकं परत टाकायची पेटी रस्त्याच्या बाजूला, छपराखाली हवी. रात्रीच्या गाडीने उतरणाऱ्यालाही पुस्तक टाकता येईल आणि शहापूरच्या पावसात ते भिजणार नाही.

यंत्रामुळे काउंटरची जागा वाचली की तिथे अभ्यासिका करा. प्रत्येक टेबलाशी प्लग, वीज गेली तर इन्व्हर्टर.

वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सूत्रात मांडलं होतं. चांगली इमारत तेच करते.

तुमच्या गावच्या वाचनालयात काय अडतंय? कमेंटमध्ये लिहा, जमेल तसं उत्तर देतो.