गोळीवरच्या खाचा आणि १८५७ चे काडतूस

१८५७ च्या उठावाचे कारण विचारले की आपण पटकन ‘चरबी लावलेली काडतुसे’ असे उत्तर देतो. पण काडतुसाला चरबी लागतच कशाला? आणि ती कागदालाच का लावत? याचे उत्तर गोळीच्या आकारात आहे.

एन्फील्ड रायफलीच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता. नळीच्या आत तीन पीळदार खाचा असत. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते व नेम नीट लागतो. शिसे मऊ असल्यामुळे, दारू पेटली की पोकळ बुडाची गोळी फुगून या खाचांत घट्ट बसे. मात्र नळीत शिशाचा थर व दारूची काजळी साचे आणि काही बारांनंतर पुढची गोळी आत ढकलणे जड जाई. म्हणून वंगण हवे.

वंगण ठेवण्याचे दोन मार्ग होते. पहिला म्हणजे गोळीच्याच अंगावर गोल खाचा पाडणे. फ्रेंच अधिकारी तामिझिए याने अशा खाचा सुचवल्या त्या गोळी हवेत स्थिर राहावी म्हणून. पुढे त्यांतच वंगण भरू लागले. अमेरिकेत जेम्स बर्टन याच्या गोळीला अशा तीन खाचा होत्या. खाचेचा आकारही पाहावा लागतो. चौकोनी कोपऱ्यांच्या खाचेत वंगण अधिक मावते, तर तिरप्या कडांची खाच असेल तर गोळी साच्यातून सहज सुटते.

दुसरा मार्ग इंग्रजांनी निवडला. एन्फील्डची प्रिचेट गोळी गुळगुळीत होती, तिला खाचाच नव्हत्या. वंगण लागे ते तिच्याभोवतीच्या कागदाला, आणि तो कागद गोळीसह नळीत जाई. शिपायाने दारूकडचे टोक दाताने फाडायचे, दारू ओतायची व काडतूस उलटे करून गोळी आत सारायची. वंगण गोळीच्या बाजूला असले तरी काडतूस एकच. ते तोंडाला लावायचे.

जानेवारी १८५७ मध्ये डमडम येथे गाय व डुकराच्या चरबीची कुजबुज सुरू झाली. सरकारने शिपायांना स्वतःच्या पसंतीचे वंगण लावण्याची मुभा दिली, पुढे काडतूस हाताने फाडण्याची कवायतही आणली. पण विश्वास उडाला होता. २४ एप्रिलला मेरठला ८५ स्वारांनी काडतुसे नाकारली, ती तर जुन्याच पद्धतीची होती! १० मे रोजी तेथे उठाव झाला. १४ जूनला आपल्या ग्वाल्हेरजवळ मुरारच्या छावणीतील फौजही उठली.

अयोध्येचे राज्य खालसा होणे, जमिनी व भत्ते यांचा असंतोष आधीपासून होताच. काडतूस ही ठिणगी. कारखान्यात गोळीचा आकार ठरवणाऱ्यांनी नळीचा विचार बारकाईने केला, पण ज्याच्या दातांत ते काडतूस जाणार होते त्या माणसाला कोणी विचारले नाही. विज्ञान शिकताना आपण हे लक्षात ठेवू या.