शेंगवेलावरचा पट्टेरी भुंगा
प्रतिनिधी, मुंबई

भायखळ्याच्या राणीच्या बागेत भरणाऱ्या महापालिकेच्या झाडे-फुलांच्या प्रदर्शनात कुंड्यांमधील भाज्याही मांडल्या जातात. त्या पाहून हौसेने गच्चीवर चवळी, वाल लावणाऱ्यांची निराशा होते ती वेल फुलावर आल्यावर. पावसाळा सरता सरता काळ्या अंगावर नारिंगी-तांबडे पट्टे असलेला, सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीचा भुंगा वेलावर उतरतो आणि फुलेच फस्त करतो. मग शेंगा धरणार कोठून?

हा भुंगा उघड्या हाताने पकडू नये. डिवचल्यास त्याच्या सांध्यांतून पाझरणाऱ्या द्रवातील कँथॅरिडिनमुळे त्वचेवर फोड उठतात. सकाळी लवकर तो सुस्त असतो; त्या वेळी हातमोजे घालून किंवा चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकावा. चार कुंड्यांसाठी विषारी फवारणी कशाला? तिने मावा खाणारा ठिपकेदार ढालकिडाही मरतो, आणि तो तर वेलाचा राखणदार.

बियाण्यासाठी वाळू दिलेल्या शेंगांचा शत्रू वेगळा. दाण्यावर चिकटलेले बारीक पांढरे ठिपके ही कडधान्याच्या भुंग्याची अंडी असतात; वाटोळे छिद्र दिसले, तर आतला भुंगा बाहेर पडला असे समजावे. असे दाणे वेगळे काढून उरलेले कडक उन्हात वाळवावेत आणि हवाबंद डब्यात ठेवावेत.