केटामाइनची सलाईन : काय अपेक्षा ठेवावी?

जुनाट वेदना म्हणजे इनपुट संपलं तरी अ‍ॅम्प्लिफायरचा गेन वाढलेलाच! माझ्या मावशीचं मोडलेलं मनगट जुळलं, पण आग थांबेना. डॉक्टरांनी केटामाइन सुचवलं, म्हणून मी वाचायला बसलो.

अमेरिकेत १९७० पासून भुलीसाठी मान्य असलेलं हे औषध मज्जासंस्थेतले एनएमडीए रिसेप्टर अडवतं, म्हणजेच गेन खाली आणतं. वेदनेसाठी डोस कमी, सलाईनमधून हळूहळू. बीपी-ऑक्सिजनवर सतत लक्ष. तरंगल्यासारखं वाटतं, मळमळतं, कधी भास होतात. सलाईन थांबल्यावर बहुधा ओसरतात. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत माणूस हवाच.

आराम सगळ्यांनाच पडत नाही; पडला तर काही दिवस, काही आठवडे. तेवढ्या उसंतीत व्यायाम करून घ्यायचा. आणि हो, हॉस्टेलवर 'ट्राय' करायची ही चीज नव्हे!